मोजणी बरोबर होती

हॅवरबी,
५ ऑक्टोबर १९६१

प्रिय बी,

अन्याय असह्य झाला की थेट राणीकडं दाद मागावी, असं म्हणतात. पण राणीसाहेब सहलीच्या बसनं फिरत नसल्यामुळं माझं दुःख त्यांना कळायचं नाही. म्हणून बहिणीला, म्हणजे तुला, लिहितो. काल हॅवरबी ते यॉर्क आणि यॉर्क ते हॅवरबी हा सगळा प्रवास मी चाकावर बसून केला. चाकावरच्या सीटवर, असं म्हणायला हवं. पण माझ्या गुडघ्यांना विचारशील तर ते चाकावरच म्हणतील. पायाखाली लोखंडाचा उंचवटा, त्यामुळं गुडघे हनुवटीला टेकलेले. एक्कावन्न वर्षांचा माणूस, दर शुक्रवारी साप्ताहिकातून जगाचे कान उपटणारा, आणि खड्ड्याखड्ड्याला आपल्याच गुडघ्यांकडून ठोसे खातो आहे.

बरं, माझ्या नाकासमोर काय? बसमधली सर्वांत सुंदर सीट. खिडकीची, पाय पसरता येतील अशी. तिच्यावर मिस ओरम. अकरा वर्षं. तुला सांगतो, आमच्या बसमध्ये जागा ठरलेल्या नाहीत, तिकिटावर नंबर नाहीत. म्हणूनच त्या कुणाला बदलता येत नाहीत. लिहिलेला नियम असता तर मी त्याच्याविरुद्ध लिहिलं असतं.

मिस ओरम म्हणजे तपकिरी टोपी आणि टोपीखाली थोडीशी बाई. आयुष्यभर हातमोजे शिवले, त्यात डोळे अधू झाले. आता गिरणीच्या गल्लीत शेवटच्या घरात एकटी राहते. बोलते इतकं हळू की आपणच काहीतरी बोललो असं वाटावं. बस गावाबाहेर पडली की मागं न बघता खांद्यावरून पेपरमिंटची पुडी माझ्यापुढं धरते. मी दर वेळी एक गोळी घेतो आणि दर वेळी म्हणतो, "पुढच्या खेपेला पुडी माझ्याकडून." पुढची खेप कधीच आली नाही. सूड म्हणून खातो झालं.

बाकी यॉर्क झकास. तटावरून वेशीपासून वेशीपर्यंत चाललो, मिन्स्टरच्या मोठ्या चर्चमध्ये पोरांच्या गाण्याची तालीम ऐकली, खाटकांच्या जुन्या गल्लीत वरची घरं एकमेकांना डोकी टेकवून कुणाची तरी निंदा करत होती ती पाहिली. तुझ्याकडं यायचं राहिलं, कारण सहलीच्या म्होरक्या कॅटरमोलबाई. पाचाच्या ठोक्याला विणकामाची सुई हातात घेऊन त्या डोकी मोजतात. फक्त डोकी, तोंडं बघत नाहीत. "माझी मोजणी कधी चुकलेली नाही, मिस्टर लमली." खरंच चुकलेली नाही.

पुढच्या महिन्यात ती खिडकी मी घेणार आहे. इतिहासात नोंद ठेव.

तुझा,
एडगर

*

यॉर्क, नदीकाठ
९ ऑक्टोबर

प्रिय एडगर,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होते.

तू खिडकी घेणार? तू? माझ्या लग्नात वाढप्यानं चुकून तुझ्यापुढं दुसऱ्याचं ताट ठेवलं, तर तू ते सगळं खाल्लंस, वर त्याचे आभार मानलेस आणि ज्याचं होतं तो बिचारा उपाशी राहिला. तुझं शौर्य शाईतलं रे, राजा. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. त्या म्हातारीची जागा घ्यायला वाघाचं काळीज लागतं, आणि तुझ्याकडं आहे सशाचं, तेही जपून वापरलेलं.

आणि हसू नकोस तिला. एकटं राहणाऱ्या माणसाला ठरलेली एक जागा लागते. ती दिसली की कळतं, आपण बरोबर ठिकाणी आलो. फ्रँक गेल्यावर मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसून पाहिलं, तर प्रार्थना कुठल्या पानावर आहे तेच सापडेना.

ऊझ नदी यंदा लवकर फुगली आहे. आमच्या दारावर जुन्या पुरांच्या खुणा आहेत त्या तू पाहिल्यासच. मी गालिचा आत्ताच वर नेऊन ठेवला. शेजारचे मिस्टर हेबडन म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण त्यांनी पियानो विटांवर चढवला आहे. तुमच्या बस उभ्या राहतात ते मैदान नदीला अगदी लागून. गेल्या हिवाळ्यात तिथला एक बाक रात्रीत गेला. सकाळी चार खड्डे तेवढे होते. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

पहिल्या तारखेला येतोस तेव्हा चहाला ये. पार्किनचा केक करून ठेवते. या खेपेला काकवी जास्त घालीन, जिभेची धार जरा बोथट होईल तुझ्या.

बी

*

हॅवरबी,
२ नोव्हेंबर

प्रिय बी,

तोफा डागा! खिडकी सर झाली.

तू दारातून "बोलाचीच कढी" म्हणून ओरडलीस ना, शेजारचा पियानोवाला ऐकत असताना, तिथंच माझं ठरलं. चहा अर्धा टाकून निघालो होतो तो उगाच नाही. मैदानावर पोचलो तर धुकं असं की नदी कुठं संपते आणि मैदान कुठं सुरू होतं ते कळेना. नुसता पाण्याचा आवाज, नको तितक्या जवळून. आमची बस तेवढी उभी होती, आत कुणी नाही. चढलो आणि बसलो. बी, ते सुख! पाय लांब केले तर शेवटपर्यंत गेले.

मग एकेक जण चढू लागला तसा मी संध्याकाळचा पेपर उघडून तोंडापुढं धरला, ढालीसारखा. पेपरच्या कडेवरून कॅटरमोलबाईंचे बूट थांबलेले दिसले.

"मिस्टर लमली, ही जागा..."

"मोकळी होती."

"हं."

बाई, काय तो 'हं'! त्यात दहा आज्ञा मावल्या असत्या. मग त्यांनी मागच्या बाकांकडं नजर टाकली. मागचा दिवा गेलेला, पण शेवटच्या बाकावर कोपऱ्यात तपकिरी टोपी दिसत होती. म्हणजे मिस ओरम रुसून मागं जाऊन बसली. कॅटरमोलबाईंनाही तेच वाटलं असावं. सुई फिरली, डोकी मोजली, बरोबर भरली, आणि आम्ही सुटलो. सगळी काच वाफेनं भरलेली. खिडकी मिळाली ती बघायला काही नसताना. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

 सगळ्या बसनं माझ्या टकलाकडं बघून मौन पाळलं. मी मागं वळून पाहिलं नाही. नजरेला नजर द्यावी लागली असती. पेपरमिंट अर्थातच नाही. तोंड कडू झालं थोडं, खोटं कशाला सांगू.

गंमत म्हणजे हॅवरबीला उतरताना एक अनोळखी गृहस्थ माझ्यामागून उतरला. त्याचीही टोपी तपकिरी. साथ आलेली दिसते. मी "गुड नाइट" म्हणालो तर चोरी पकडल्यासारखा लाल झाला आणि नाक्याकडं निघून गेला. मला वाटलं कॅटरमोलबाईंचा भाचा. त्यांना वाटलं माझा पाहुणा. कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. मिस ओरम उतरली तेव्हा मी घरी सटकलेला होतो.

पार्किनबद्दल आभार. आता कबूल कर, वाघाचं काळीज.

एडगर

*

यॉर्क
२ नोव्हेंबर

प्रिय एडगर,

काल रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. तुझं पत्र अजून यायचं आहे. बहुधा वाटेत एकमेकांना ओलांडतील.

तू गेल्यावर तासाभरानं मी चर्चमधल्या फुलांचं पाणी बदलून मैदानावरून परत येत होते. धुक्यात अगदी जवळ जाईपर्यंत कळलं नाही, की बस उभ्या राहतात तिथं एक बाई उभी आहे. लहानखुरी, हातात पिशवी छातीशी धरलेली. मैदानावर दुसरं कुणी नाही, एकही बस नाही.

मी विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"माझ्या बसची. येईलच आता."

"अहो, सगळ्या गेल्या."

"एक आली होती," ती म्हणाली. इतकं हळू, की मला वाकावं लागलं. "आमच्यासारखीच होती. पण आमची नव्हती. माझ्या जागेवर कुणी गृहस्थ पेपर वाचत बसले होते."

"मग दार वाजवून विचारायचं नाही का?"

"सगळी मंडळी बसली होती. त्यांचा खोळंबा झाला असता."

गाव विचारलं तर सांगेना. म्हणाली, बसवाल्या बाईंचं नाव उगाच खराब होईल, त्या फार काळजी घेतात. मी म्हटलं, घरी चला, चहा घ्या, हवा तर मग चौकीवर जाऊ. तर म्हणाली, "नको. मी इथं नसले तर त्यांना मला शोधत बसावं लागेल." आणि हसली, जणू माझीच समजूत काढत होती.

आणि मी आले निघून, एडगर. परक्या बाईच्या मागं किती लागायचं? तिचं तिला माहीत, असं म्हणाले स्वतःशी. दार लावून घेतलं.

विस्तवापुढं बसल्यावर तुझ्या मिस ओरमची आठवण झाली. पण तूच लिहिलं होतंस की तुमची मोजणी कधी चुकत नाही. आणि ती तर म्हणत होती, जागेवर गृहस्थ बसले होते. मी तुला ओळखत नाही होय? तुझ्यात तेवढी हिंमत नाही, म्हणून मी तो विचार सोडून दिला आणि अंथरुणात शिरले.

रात्री पाणी मैदानावर चढलं. आमच्या पायरीपर्यंत आलं तेव्हा आवाजानं उठले. कंदील घेऊन दारात उभी राहून हाक मारली. काय म्हणून हाक मारायची तेही ठाऊक नाही. "अहो बाई" म्हणाले. कुणी ओ दिली नाही. कमरेइतक्या पाण्यात मिस्टर हेबडननी मला पुढं जाऊ दिलं नाही. सकाळी बघते तर मैदानावर नुसतं करडं पाणी, त्यातून दिव्याचे खांब तेवढे वर.

गेली असेल कुठंतरी. मिळालं असेल कुणीतरी. तुझं एक ओळीचं का होईना पत्र धाड, की तुमची सगळी मंडळी घरी पोचली. म्हणजे मी झोपेन.

बी

*

हॅवरबी,
३ नोव्हेंबर

बी,

तुझं पत्र सकाळच्या टपालानं आलं. ते वाचून मी कोट न घालता गिरणीच्या गल्लीत गेलो.

दाराशी दुधाच्या बाटल्या तशाच. कालची आणि आजची. दूधवाला म्हणाला, "मला वाटलं बाई भाचीकडं गेल्या." शेजारीण म्हणाली, "मला वाटलं आजारी असतील, पण त्यांना उगाच दार वाजवलेलं आवडत नाही." खिडकीतून डोकावलो. टेबलावर एक कप, उपडा घातलेला, आणि एक बशी.

तिथून कॅटरमोलबाईंकडं. त्या विणत होत्या.

"मिस ओरम बुधवारी परत आल्या का?"

"माझी मोजणी बरोबर होती, मिस्टर लमली."

"मोजणी नाही विचारत. त्या आल्या का?"

"मागच्या बाकावर होत्या ना. तपकिरी टोपी..." आणि सुई थांबली. बी, त्या बाईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझा कसा दिसत होता ते नशिबानं मला दिसत नव्हतं.

शिपाई बोल्टननं नाक्यावरच्या लोकल बसच्या कंडक्टरला गाठलं. तो टोपीवाला त्याच्याच गाडीनं गेला. राहणारा ड्रिफील्डचा, धुक्यात चुकून आमच्या बसमध्ये चढला. कंडक्टरला म्हणाला, "अर्ध्या वाटेत लक्षात आलं हो. पण सगळे इतके शांत बसले होते, मध्येच ओरडणं बरं दिसलं नसतं." असा एक जण आत आला, एक जण बाहेर राहिला, आणि डोकी बरोबर भरली.

यॉर्कच्या पोलिसांना इथून फोन गेला आहे. तुझ्याकडं फोन नाही म्हणून तार केली. तुला हॉस्पिटलांत जाऊन विचारायला सांगितलं, कारण तू तिला पाहिलं आहेस. तार घेताना पोस्टातली बाई म्हणाली, "पूर्ण नाव?" पोस्टात बसमधले आम्ही सहा-सात जण उभे होतो. अकरा वर्षांत तिचं पाळण्यातलं नाव कुणी विचारलेलं नव्हतं.

त्या काचेवर वाफ होती. मी ती पुसली नाही. पुसली असती तर ती मला दिसली असती, आणि मला ती दिसायला नको होती, म्हणून पेपर धरला होता. यापुढं मला काही लिहिता येत नाही.

एडगर

*

यॉर्क
६ नोव्हेंबर

प्रिय एडगर,

तारेत 'सापडली' एवढंच घातलं. बाकीचं आता लिहिते.

नाव डॉर्कस. डॉर्कस ओरम.

पुलाखाली नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यांच्या कठड्याला धरून ती उभी होती. पहाटे होडीवाल्याला दिसली ती टोपी. पाणी छातीशी आलेलं. तो सांगत होता, हाक मारली तर म्हणाली, "आधी दुसऱ्या कुणाला बघायचं असेल तर बघा." बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवावी लागली. तिनं नाव सांगितलं नाही. सांगितलं तर सहलवाल्यांवर बालंट येईल. म्हणून हॉस्पिटलात ती दोन दिवस 'अनोळखी स्त्री' म्हणून पडून होती. मी गेले तेव्हा ओळखून म्हणाली, "तुम्ही चहा देऊ केला होता. फार उपकार झाले." माझ्या चहाचे, जो मी दिलाच नाही.

दोन्ही फुप्फुसं भरली आहेत. डॉक्टर नुसती मान हलवतात. वर-खाली की आडवी, ते मुद्दाम कळू देत नाहीत. श्वास घेते तेव्हा खोलीत कुणीतरी कागद फाडत असल्यासारखं वाटतं.

आता तुला एक सांगायचं आहे. सांगू की नको म्हणून कालची अख्खी रात्र घालवली. पण आपल्या घराण्यात न सांगण्यानंच सगळं होतं, म्हणून सांगते.

मी तिच्याशी तुझ्याबद्दल काही बोलले नव्हते. काल तीच म्हणाली, "ती आमचीच बस होती. पहिल्यांदा नाही कळलं. दार उघडं होतं तेव्हा जागेवर पेपर दिसला म्हणून वाटलं दुसऱ्याच कुणाची. मग पान उलटताना तो खाली आला आणि दिसले. मिस्टर लमली होते."

मी विचारलं, "मग चढला का नाहीत?"

म्हणाली, "त्यांचे गुडघे फार दुखतात हो. मागून कण्हतात, मला ऐकू येतं. इतके आरामात बसले होते. मी चढले असते तर त्यांना उठावं लागलं असतं." मग धाप लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "वाटलं, दुसरी एखादी येईल."

तू तिला भेटायला ये. चौघांसमोर क्षमाबिमा मागू नकोस. ती लाजून मरेल, आणि सध्या तिला तेवढंही परवडणार नाही.

बी

*

हॅवरबी,
८ मार्च १९६२

प्रिय बी,

हिवाळाभर तू तिच्या उशाशी बसलीस, गुरुवारी मी यायचो तेव्हा आम्ही तिघं हवापाण्याबद्दल बोललो, आणि एकदाही त्या रात्रीबद्दल नाही. काल ती पहिल्यांदा परत सहलीला आली, तेव्हा तुझ्याकडं चहाला आम्ही दोघं बरोबर का आलो आणि एकमेकांशी का बोललो नाही, हे तू विचारलंस. सांगतो.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन चाकावरच्या सीटवर बसलो, गुडघे हनुवटीला लावून. पुढची खिडकीची सीट मोकळी. कॅटरमोलबाईंनी तिच्यावर उशी आणून ठेवली होती, स्वतः विणलेली. सगळी मंडळी बसली आणि मग ती आली. काठी टेकत. नवी टोपी, तीही तपकिरीच. 

ती खिडकीपाशी थांबली. उशीकडं बघितलं. आणि एक पाऊल मागं येऊन मला म्हणाली, "ही शेजारची जागा मोकळी आहे का?"

"मिस ओरम, तुमची खिडकी..."

"नको," ती म्हणाली. "तिथं कुणाचं तरी असेल."

आणि बसली माझ्या शेजारी, चाकावर. कुणी काही बोललं नाही. आपण कधी बोलतो? खिडकीची सीट उशीसकट रिकामी यॉर्कला गेली. वळणावळणावर ती उशी हळूच सरकायची, कुणी अंग चोरून बसावं तशी. मागून सगळे बघत होते. शेजारी तो खोकला. कागद फाडल्यासारखा, तू लिहिलं होतंस तसा. डॉक्टर म्हणतात, तो आता जायचा नाही.

परतताना मैदानावर पोचलो तर तू सांगितलंस ते खरंच होतं. पाणी पुन्हा काठावर आलेलं, धुक्याचा पट्टा नदीवरून इकडं सरकतो आहे. दिव्याचे खांब मोजून पाहावेसे वाटले. मिस ओरमनं बसच्या दारात थांबून आत एक नजर फिरवली, प्रत्येक सीटवर, मगच चढली. अजूनही तिची खात्री नव्हती की ही आपलीच बस.

कॅटरमोलबाई आता डोकी मोजत नाहीत. सुई घरी ठेवली. नावं घेतात, प्रत्येकाचं पूर्ण, आणि तोंडाकडं बघतात. सगळे 'आहे' म्हणत गेले. 

"मिस डॉर्कस ओरम."

"आहे," ती म्हणाली. पण मला ऐकू आलं ते केवळ मी शेजारी होतो म्हणून. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं.

"मिस डॉर्कस ओरम?" बाईंनी पुन्हा पुकारलं. सगळ्या माना वळल्या. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा तितकंच हळू, आणि मला दिसलं की हिला याहून मोठा आवाज नाही. त्या रात्री तू दारातून हाक मारलीस, बी, तेव्हाही तिनं ओ दिली असेल.

मी उठून उभा राहिलो. डोकं सामानाच्या फळीवर आपटलं.

"आहे!" मी ओरडलो. "इथं आहे! माझ्या शेजारी!"

इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. बाहेर कुणीतरी थांबून बघितलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मिस ओरम कानापर्यंत लाल झाली आणि काठीच्या मुठीकडं बघत बसली. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि बस सुटली.

गावाबाहेर पडल्यावर, जिथं नेहमी खांद्यावरून ती पुडी यायची त्या वळणावर, मी कोटाच्या खिशातून पेपरमिंटची न उघडलेली पुडी काढली आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत सरकवली. ती समोरच्या रिकाम्या सीटकडं बघत होती. मीही तिकडंच बघत राहिलो.

एडगर